मुळाची खोली

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जेथून पंढरपूरची वाट फुटते तेथे, मोहोळ हे तालुक्याचे गाव आहे. आणि ज्यांचा या गावाशी जाण्यायेण्यापुरताच संबंध आला असेल त्यांना नागनाथाचे देवालय, रेल्वेचे स्थानक, तहसील कचेरी आणि पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्यांची वर्दळ एवढ्याच गोष्टी बहुधा आठवत असतील. परंतु ज्या कारणाने मोहोळचे नाव शेतीशास्त्राच्या ग्रंथांत देशोदेशी छापले गेले, ते कारण यांपैकी एकही नव्हे. ते कारण म्हणजे ज्वारीचा एक वाण. रब्बीत येणारी, टपोऱ्या, मोतिया झाक असलेल्या दाण्याची मालदांडी ३५-१ ही ज्वारी १९३० नंतरच्या दशकात मोहोळच्या सरकारी शेती केंद्रावर, याच मुलखातील शेतकऱ्यांच्या घरच्या मालदांडीतून निवडून काढण्यात आली. त्याला आता ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या काळात इलाखा जाऊन राज्य आले, मण-शेर जाऊन किलो आले, कित्येक वाण गाजावाजाने आले आणि बियाण्याच्या दुकानांच्या फलकांवरून उतरलेही. पण मालदांडी अद्याप शेतात उभी आहे.

माणसाने पाय रोवून उभे राहावे, असे आपण एकमेकांना नेहमी सांगत असतो, आणि सांगताना स्थैर्य हाच गुण आपल्या डोळ्यांपुढे असतो. पण दावणीचा खुंटही स्थिर असतो आणि पिकाचे मूळही स्थिर असते. खुंट जेथे ठोकला तेथे तो राहतो, त्याला खालच्या मातीचे काही देणेघेणे नसते. मूळ मात्र जागा न सोडता अहोरात्र चाललेले असते, ओलीचा माग काढीत, खडक आला तर वळसा घालीत, वरच्या पानांना जे हवे ते खालच्या अंधारात शोधीत. ज्ञान असो, संस्था असो वा माणूस असो, जेथे त्याने उपयोगी पडावयाचे तेथल्या मातीत तो या दुसऱ्या रीतीने उतरल्यावाचून टिकत नाही, असे माझे मत आहे. आणि या मताचा पुरावा शोधण्यास मला मोहोळच्या शिवाराबाहेर फारसे जावे लागत नाही.

माघ सरत आला की ज्वारीची काढणी सुरू होते. आमच्या भागात रब्बीची ज्वारी विळ्याने कापण्यापेक्षा उपटून काढण्याची वहिवाट आहे. दोन्ही हातांनी धाट बुडाशी धरावयाचे, कमरेतून मागे झोक द्यावयाचा, मुळांसकट आलेले मातीचे ढेकूळ पायावर आपटून झाडावयाचे आणि धाट ओळीने आडवे निजवावयाचे. वाळलेल्या पानांच्या कडा हातांना कापतात, काळ्या मातीचा पोपडा नखांत बसतो, आणि पहिल्या दोन दिवसांतच तळव्यांना फोड येऊन ते फुटतात. इतक्या बळाने उपटूनही हातात येतो तो मुळांचा केवळ वरचा झुपका. खरे मूळ जमिनीतच राहून जाते. ते पाहावयाचे असेल तर एखाद्या नव्या विहिरीच्या खणतीत किंवा ओढ्याच्या ढासळलेल्या दरडीत शेताचा उभा छेद पाहावा. वरच्या वीतभर थरात मुळांची दाटी असते, त्याखाली ती विरळ होत जातात, आणि मग बारीक, फिकट तंतू भेगांच्या कडेकडेने पुरुषभर खोलीपर्यंत उतरलेले दिसतात. बी रुजते तेव्हा प्रथम एकच मूळ खाली जाते. पुढे धाटाच्या जमिनीलगतच्या पेरांवरून मुळांची दुसरी फळी निघते आणि पिकाचा खरा भार तीच वाहते. परंतु या दुसऱ्या फळीला रुजण्यापुरती ओल वरच्या थरात असावी लागते. ऑक्टोबरचे ऊन तापून वरची चार बोटे माती कोरडी पडली तर ही मुळे फुटूनही मातीत शिरत नाहीत, आणि पीक पहिल्या एकाच मुळावर कसेबसे तग धरते.

हे सारे समजून घ्यावयाचे तर येथल्या पावसाचा हिशेब ठाऊक असला पाहिजे. सह्याद्रीने अडवून उरलेले ढग येथवर येतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यात भरवशाचा म्हणावा असा वाटा सप्टेंबरातला. म्हणून येथे ज्वारी पेरतात ती पावसाळा संपता संपता, उत्तरा-हस्ताच्या सुमारास. पाऊस अंगावर घेऊन वाढणारे हे पीकच नव्हे. पावसाने काळ्या जमिनीत मागे ठेवलेल्या शिलकीवर ते पाच महिने काढते. ही काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पौषात तिला पडलेल्या भेगांत मनगटापर्यंत हात सहज जातो, आणि त्या भेगांवाटे खालची ओल उडून जाऊ लागते. यावर येथल्या शेतीने काढलेला उपाय कोळपणीचा. पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीचे कोळपे, पाच आठवड्यांनी पासेचे कोळपे आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळपे. पहिल्या दोन पाळ्यांत तण निघते. तिसरी पाळी मात्र मुख्यतः भेगा बुजविण्यासाठीच असते. मोकळ्या मातीचा एक पातळ थर जमिनीवर पसरून खालची ओल झाकून ठेवण्याची ही युक्ती, ज्या काळी बाष्पीभवनाचे गणित कोणी मांडले नव्हते त्या काळापासून चालत आलेली आहे. आणि पीकही आपल्या परीने तेच करते. ज्वारीच्या धाटावर एक पांढरा मेणचट थर असतो. बोटाने पुसला तर खालचा हिरवा रंग उघडा पडतो. तो थर अंगातले पाणी राखतो. उन्हाचा कडाका वाढला की पाने आत गुंडाळून घेणे हीही त्याच काटकसरीची दुसरी बाजू.

जमिनीच्या खोलीला आमच्याकडे किती मोल आहे, ते महसुलाच्या दफ्तरातही दिसते. १८३६ साली शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी रयतवारी पाहणीची जी रीत घातली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र चालू झाली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम कायम झाले. त्या नियमांत जमिनीची प्रतवारी करताना प्रथम तिची खोली पाहावयाची असे. एकसारखी काळी जमीन पावणेदोन हात खोल भरली तर ती सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात असेल तर बारा, हातभर असेल तर दहा. आणि मग चुनखडी, वाळू, उतार, पाणथळ अशा दोषांपायी आणखी वजावट. पाहणीचा कारकून शेतात खड्डा खणून हात लावून पाही, आणि त्या मापावर रयतेचा धारा ठरे. धारा किती जड बसला, वाढीव आकारणीने आणि सावकारी कर्जाने रयत कशी पिचली आणि १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या दप्तरांना आगी कशा लागल्या, हा स्वतंत्र विषय आहे. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, परक्या सत्तेच्या त्या पाहणीलाही या मुलखात उतरल्यावर पहिला प्रश्न तोच विचारावा लागला, जो ज्वारीचे मूळ विचारते: खाली जागा किती आहे, आणि ती ओल किती धरील?

शास्त्राने हा प्रश्न अधिक बारकाईने विचारला तो विसाव्या शतकात. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, आणि १९३३ च्या सुमारास शाही शेती संशोधन परिषदेच्या योजनेखाली सोलापूर आणि विजापूर येथे या कामाची केंद्रे निघाली. ना. वि. कानिटकर हे या कामातले अग्रणी. त्यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील प्रबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. बांध घालून पाणी शेतातच जिरवावे, शेणखत द्यावे, बियाणे कमी घेऊन ओळींत अठरा इंचांचे अंतर ठेवावे, वरचेवर कोळपावे, अशी त्यांच्या पद्धतीची कलमे होती. कोणी म्हणेल, यात अपूर्व ते काय? आमच्या वाडवडिलांनाही हे ठाऊक होते. मला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. वाडवडिलांना ते हाताला ठाऊक होते. कानिटकरांसारख्यांनी थराथरातील माती काढून तिच्यातील ओल मोजली आणि हाताच्या त्या ज्ञानाला आकड्यांचा आधार दिला, एका शेतात खरे ठरणारे दुसऱ्या शेतात का चुकते ते सांगितले. प्रयोगशाळा शेतावर आली, शेताला प्रयोगशाळेकडे जावे लागले नाही, यातच त्या कामाचे निम्मे यश होते.

मालदांडीची निवड ही याच वृत्तीची. १९०३ साली डेन्मार्कमध्ये योहानसेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने घेवड्याच्या दाण्यांवर प्रयोग करून असे दाखविले की, एकाच झाडाच्या स्वपरागित संततीतून पुढे कितीही निवड केली तरी तिच्या गुणांत फरक पडत नाही. निवडीला फळ येते ते जेथे मूळची सरमिसळ असते तेथेच. या एका सिद्धांतावर पुढे जगभर वाणांची निवड झाली. शेतकऱ्यांच्या शेतांतून चांगली कणसे आणावयाची, प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरावयाचे, परका पराग पडू नये म्हणून कणसांवर पिशव्या बांधावयाच्या, ओळ ओळीशी ताडून पाहावयाची, उणी ती काढून टाकावयाची, आणि हे हंगामामागून हंगाम, अवर्षणाचे साल असो वा सुकाळाचे, न कंटाळता चालू ठेवावयाचे. दुरून पाहणाराला हे काम निरस वाटेल. परंतु त्यात जी एक नम्रता आहे ती मला फार मोलाची वाटते. अशी निवड करणारा नवीन काही उत्पन्न करीत नाही. जे अगोदरच आहे ते तो ओळखतो. आणि ते अगोदर होते, कारण खळ्यावर मळणीपूर्वी भरदार कणसे बाजूला काढणाऱ्या, ती घरात आढ्याला टांगून ठेवणाऱ्या आणि पोरे उपाशी असतानाही बियाण्याच्या गाडग्याला हात न लावणाऱ्या बायकांच्या पिढ्यानुपिढ्या येथे होऊन गेल्या. त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत.

ज्वारी ही या भूमीची आदिवासिनी नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. तिचे मूळस्थान आफ्रिकेच्या ईशान्य भागात, आजच्या सुदानच्या बाजूला; तेथून ती सागरमार्गाने की खुष्कीने कशी का येईना, काही सहस्र वर्षांपूर्वी भारतात आली. ती येथली झाली ती येथे राहून, येथल्या आखूड होत जाणाऱ्या हिवाळी दिवसांशी आपल्या फुलोऱ्याचा मेळ घालून आणि येथल्या काळ्या मातीशी झगडून. रुजण्याला जन्माचा दाखला लागत नाही. मराठी समाजात आपपरभावाच्या गोष्टी निघतात तेव्हा ज्यांच्या पानात भाकरी आहे त्यांनी तरी एवढे ध्यानात ठेवावे.

१९६४ साली सीएसएच-१ ही देशातील पहिली संकरित ज्वारी निघाली आणि खरिपाच्या पिकात तिने खरोखरच क्रांती केली. ते श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु खरिपातला तो विजय रब्बीत तसाच्या तसा उतरला नाही. रब्बीत खोडमाशी कोवळ्या रोपाचा पोंगा मारते, दाणा भरण्याच्या वेळी ओल तुटली की खडखड्या रोगाने धाटे आतून पोकळ होऊन लोळतात, आणि या दोन्ही संकटांतून वाचून आलेल्या दाण्याची भाकरी चांगली झाली नाही तर तो बाजारात पडून राहतो. शिवाय येथला शेतकरी ज्वारी पेरतो ती एकट्या माणसासाठी नव्हे. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असा हा दुहेरी संसार आहे. बुटक्या धाटाच्या, भरघोस कणसाच्या वाणाने कोठार भरते पण गोठा रिकामा राहतो. उंच, गोड, पानाळ धाटाची मालदांडी या सर्व कसोट्यांना उतरली, कारण या कसोट्या लावूनच ती शतकानुशतके राखली गेली होती. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा असे रब्बीचे सरस वाण दिले. जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडावा, ही त्यामागची दृष्टी मला सर्वस्वी योग्य वाटते.

१९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानांतून जी तांबडी ज्वारी मिळाली तिला लोक मिलो म्हणत. ती अमेरिकेतून आलेली होती आणि जातीने ज्वारीच होती. तिने जीव वाचविले, हे त्या काळातून गेलेला प्रत्येक माणूस कबूल करील. पण ज्यांनी खडी फोडून, तळी खोदून संध्याकाळी ती भाकरी मोडली, त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तिचा उल्लेख आला की अजूनही आवाज बदलतो. ज्वारीचे कोठार म्हणविणाऱ्या मुलखाने परदेशची ज्वारी रांगेत उभे राहून घ्यावी, याची ती वेदना होती.

आता वैद्यकाकडे वळतो, कारण ज्वारीचे कौतुक करताना तिचे दोष झाकणारे लिखाण अलीकडे फार होऊ लागले आहे. हे पीक स्वतः रोगी पडते, आणि त्याचे औषध साधे आहे: काणी रोगात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, ती टाळण्यास पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळावी. पीक कोवळे असताना, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर, त्यात एक द्रव्य साठते आणि ते जनावराच्या पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. असे रान चुकून चरलेली गाय धापा टाकीत कोसळते आणि घटकाभरात मरते. गुरांचा डॉक्टर सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन घेऊन वेळेवर पोहोचला तरच वाचते. गुराखी पोराला कोवळ्या ज्वारीत जनावर घालू नको म्हणून जो दम भरला जातो, त्यामागे रसायनशास्त्राचे हे सत्य आहे.

आणि माणसाचे काय? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दख्खनच्या पठारावरील पेलाग्रा या रोगाविषयी लिहिले. उन्हात उघडी पडणारी मान, हात आणि पाय यांवरील कातडी काळवंडून सोलते, अतिसार जडतो, आणि रोग वाढला तर बुद्धीला भ्रम होतो. युरोप-अमेरिकेत हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जाई. १९३७ साली नियासिन हे त्याचे औषध सापडले. मका न खाणाऱ्या दख्खनच्या मजुरांत तो का आढळावा, या प्रश्नाचा शोध घेताना या दोघांचे लक्ष ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या अतिरेकाकडे गेले. पुढे त्यांच्या उपपत्तीवर वाद झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु ज्यांच्या पोटात सकाळ-संध्याकाळ ज्वारीखेरीज दुसरे काही पडत नाही त्यांना हा रोग गाठतो, ही वस्तुस्थिती वादाच्या पलीकडची होती. दोष ज्वारीचा जेवढा, त्याहून अधिक एकट्या ज्वारीवर ठेवणाऱ्या दारिद्र्याचा होता. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दूध असेल त्या घरात पेलाग्रा फिरकत नाही. सोलापूरच्या ताटात भाकरीशेजारी जी शेंगदाण्याची चटणी असते, त्या शेंगदाण्यात नियासिन विपुल आहे. वैद्यक समाजात उतरले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण मी नेहमी देतो. रोग्याच्या कातडीवरून निघालेला प्रश्न प्रयोगशाळेतून जाऊन अखेर मजुराच्या मजुरीपाशी येऊन थांबला.

समाजाविषयी बोलताना आणखी एक कटू गोष्ट टाळता येत नाही. खळ्यावर ज्वारीची रास पडली की बलुतेदारांचा वाटा निघे. सुतार, लोहार, चांभार, परीट, न्हावी, महार, मांग यांना त्यांच्या त्यांच्या कामाबद्दल पेंढ्या आणि पसे मिळत. बलुत्याच्या या व्यवस्थेला गावगाड्याची एकात्मता म्हणून गौरविणारे लेखन आपल्या वाङ्मयात पुष्कळ आहे. परंतु ज्याला रास उचलून झाल्यावर खळ्याच्या कडेला उभे राहून हात पसरावा लागे, त्याच्या बाजूने ही व्यवस्था पाहिली म्हणजे तिचा रंग पालटतो. महार वतन हे त्या माणसाला गावाशी जोडी ते त्याला ठोकून ठेवण्यासाठी. रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोहोचवावयाचे, मेलेली गुरे ओढावयाची आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व शिळे अन्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. खुंट आणि मूळ यांतील भेद कोणी येथे लक्षात घेणार नसेल, तर त्याने मातीशी नाते असण्याच्या गोष्टी बोलू नयेत. ज्याला गाव सोडण्याची मुभा आहे आणि तरीही जो गावात राहतो, त्याचेच राहणे रुजणे होय.

याच समाजाजवळ दुसरी शिल्लकही आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा कीर्तनांतून पाचशे वर्षे सांगितली जात आहे. धान्य कोणाचे, हुकमाचे की भुकेचे, हा तिच्यातला प्रश्न जुना झालेला नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. जमिनीखाली पेवे खणून त्यांत ज्वारी साठविण्याची रीत माझ्या आधीच्या पिढीने पाहिली होती. सुकाळाचे धान्य दुष्काळाच्या सालासाठी त्याच मातीत ठेवण्याची ती तरतूद होती. पौषात हुरडा भाजताना शेतमालक आणि गडी एकाच आगटीभोवती बसतात, आणि मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या कुटुंबांची कुटुंबे उभ्या पिकात जाऊन, कडब्याच्या कोपीत पूजा मांडून, भज्जी, उंडे आणि आंबील येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढतात. त्या दिवशी शेतात आलेल्या अनोळखी माणसालाही कोणी विन्मुख पाठवीत नाही.

भाकरीविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसतो; म्हणून पीठ आधणाच्या पाण्यात भिजवून काटवटीत तळव्याने रगडावे लागते, आणि मग थापताना कड न चिरता भाकरी वाढत जाते. दळण शिळे झाले की पिठाची विरी जाते, आणि कितीही कसबी हात असला तरी भाकरीचे तुकडे पडतात. आमच्या घरी दळणाची पहिली मूठ भिजवून पाहिल्याशिवाय बाजारातली ज्वारी पसंत केली जात नसे, आणि त्या कसोटीला मालदांडी उतरली नाही असे झाल्याचे मला आठवत नाही. मोहोळच्या केंद्रावर कणसे निवडणाऱ्यांनी दाण्याचे वजन केले असेल, धाटाची उंची मापली असेल. पण अखेरचा निकाल काटवटीपाशी बसलेल्या बाईने दिला आणि तोच कायम झाला.

१९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले, कालवे आले, आणि मोहोळ तालुक्याच्या पुष्कळ भागात ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, कोठे द्राक्षे आणि डाळिंबे आली. ज्यांच्या बापजाद्यांनी आभाळाकडे पाहत जन्म काढला त्यांनी पाणी आल्यावर ऊस लावू नये, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण पाटाचे पाणी सर्वांना पोहोचलेले नाही, धरण दरसाल भरत नाही, आणि साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखात बारमाही उसाचा खर्च पाण्याच्या खात्यात कधी तरी मांडावा लागणारच. जिरायत शेतात मालदांडी अजूनही पेरली जाते. तिच्यापुढची आजची अडचण पावसाची जेवढी, त्याहून मजुराची आणि दराची आहे. हाताला फोड आणणारी ती उपटणी करावयास माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी पिकाच्या किमतीत बसत नाही, आणि म्हणून शेतकरी हातचे पीक सोडतो.

केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीत ज्वारीच्या दोन ओळी असतात, एक संकरित ज्वारीची आणि दुसरी मालदांडीची. मोहोळच्या शेतावर निवडलेला हा वाण आज देशाच्या दफ्तरात स्वतंत्र ओळ राखून आहे, याचा अभिमान वाटतो. २०२४-२५ च्या यादीत संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३३७१ रुपये आणि मालदांडीला ३४२१ रुपये धरलेले होते. पाच महिने शिलकी ओलीवर काढून, दाणा आणि कडबा दोन्ही देणाऱ्या आणि मुळापासून हाताने उपटाव्या लागणाऱ्या या पिकाला पन्नास रुपयांचा अधिक भाव हा न्याय नव्हे. सरकारने तो वाढवावा, खरेदीची केंद्रे काढणीच्या वेळेला उघडावीत, उपटणीचे श्रम हलके करणारे यंत्र मोहोळ-सोलापूरच्या शेतांवरच चालवून पाहून तयार करावे. ज्यांच्या घरी वाडवडिलांची मालदांडी अद्याप टिकून आहे त्यांनी तिच्या दोन पायल्या तरी निराळ्या पेरीत राहावे. आणि शहरांत राहणाऱ्या आपण, आरोग्यासाठी म्हणून आता पुन्हा भाकरीकडे वळताना, ती कोणत्या शिवारातून आली हे दुकानदाराला विचारून, घासाघीस न करता, तिचा पुरा दाम मोजावा.